आक्काचं पुस्तक आणि माझी हत्यारं

२१ जानेवारी २०२४, रविवार. संध्याकाळ.

आज माझ्या साहित्यिक आयुष्याला कलाटणी मिळाली. आमच्या हिंडलग्याच्या संमेलनात आभार मानायला उभा राहिलो. आभार दोन मिनिटांचे होते, मी पाऊण तास बोललो. लोक उठत नव्हते. (जेवण भाषणानंतर होतं, हे एक कारण असू शकेल. पण एकच.)

समोर पहिल्या रांगेत चंपाक्का. माझी थोरली बहीण, वडगावहून मुद्दाम बोलावलेली. तिला बघितलं आणि भरून आलं. तोंडातून निघून गेलं की पुढच्या संमेलनात या माउलीवरचं माझं पुस्तक याच स्टेजवर प्रकाशित होईल. हा जोतिराम शिकावा म्हणून जिनं कोवळ्या वयात मागाच्या खड्ड्यात पाय सोडले, तिची ही कथा! नावही जागेवर सुचलं, 'धोटा', मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो. टाळ्याच टाळ्या. कार्याध्यक्ष नागोजी आप्पांनी माईक ओढून घेतला आणि पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमात प्रकाशन धरलं असं सांगूनच टाकलं. आक्काला शाल घातली. आक्का रडली. मी रडलो. मनिषा, म्हणजे आमची ही, माझ्याकडे नुसती बघत होती.

रिक्षात आक्का म्हणाली, पावरलूमच्या खडखडाटानं डावा कान गेलाच हाय रं, उजवा तेवढा ऐकतोय. तो हाय तवर वाचून दाखव. आक्काला वाचता येत नाही. मी म्हटलं, जूनच्या आत ऐकवतो. शब्द दिला.

उद्या पहाटे सुरुवात.

२२ जानेवारी

पहाट झाली होती असं ही म्हणते. मला आठला जाग आली. कालचा मानसिक ताण.

२४ जानेवारी

बसलो. पाचच मिनिटांत लक्षात आलं की अडचण साधनाची आहे. ही डायरी पतसंस्थेची, फुकटची. बॉलपेनही त्यांचंच, वर त्यांचा फोन नंबर. यात वाण्याचा हिशोब, रोजची किरकिर लिहायला ठीक. आक्काची कथा असल्या पेनानं लिहायची? शोभत नाही.

सातवी पास झालो तेव्हा आक्कानं मला शाईचं पेन दिलं होतं. मरून रंगाचं, टोपण सोनेरी. त्याच पेनानं तिची कथा लिहायची! मनोगतात हे एक वाक्य टाकलं की निम्मा वाचक तिथंच खलास.

पेन शोधणे.

२८ जानेवारी

माळा उपसला. सापडलेल्या गोष्टी: लेकीची, सौम्याची बाहुली, एक बिनदांड्याची छत्री, मला मिळालेली आदर्श शिक्षकाची ढाल. ढाल पुसली. त्यात दिवस गेला.

४ फेब्रुवारी

पेन मिळालं. हिच्या शिलाई मशीनच्या खणात होतं. निब वाकडी झालेली. ही म्हणाली, बूटपालिशची डबी उघडायला तुम्हीच वापरत होता की ओ, हेडमास्तर हुता तवा. मला तसं काही आठवत नाही. डबी घट्ट असायची एवढं आठवतं.

वाईट वाटलं. आक्काचं पेन, आणि मी त्यानं पालिश... इतकं वाईट वाटलं की आज लिहिणं शक्य नाही. लिहिलं असतं तर ते आक्कावर अन्याय करणारं झालं असतं.

११ फेब्रुवारी

नवं शाईचं पेन घेतलं. शाईची बाटली मात्र मिळेना. खडेबाजारात तिसऱ्या दुकानात एकानं स्टॅम्पपॅडची शाई पुढे केली आणि म्हणाला, ह्योच घाला की सर, शाई ती शाईच. पेन कायमचं बसलं. पेनाचं युग संपलं आहे हे मी मान्य करतो. काळाबरोबर चाललं पाहिजे.

आक्काचा फोन आला होता. कुठवर आलंय विचारत होती. म्हटलं, तयारी सुरू आहे. ती म्हणाली, मोठ्यानं बोल रं. मी मोठ्यानं म्हटलं, तयारी! शेजारचे बाहेर येऊन बघून गेले.

३ मार्च

टाइपरायटर! इतके दिवस कसं सुचलं नाही? टाइपरायटरवर लिहिलेलं खोडता येत नाही, म्हणजे आपोआप विचार करून लिहिलं जातं. शिवाय आवाज होतो. घरच्यांना कळतं की काम चालू आहे.

निपाणीत एक जुन्या सामानाचा व्यापारी आहे, त्याच्याकडे एक मशीन आहे म्हणे.

१० मार्च

निपाणीला गेलतो. जाताना संकेश्वरला बस अर्धा तास थांबली, उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता भरलेला. त्यामुळे दुकानात घाई झाली. मशीन एकदम भारदस्त. बटणांवरची अक्षरं झिजून पार गुळगुळीत. मी मनात म्हटलं, म्हणजे यावर भरपूर लेखन झालंय. शकुन चांगला. रिबन नव्हती म्हणून चालवून बघता आलं नाही. मांडीवर घेऊन हिंडलग्यापर्यंत आलो. पाय अजून बधिर आहेत.

१२ मार्च

रिबन आणली. घरचा देव स्मरून पहिलं बटण दाबलं.

मशीन कन्नड आहे.

दहावीस बटणं दाबून बघितली. सगळं कन्नड. कुठल्यातरी सरकारी ऑफिसातनं निघालेलं असणार. आयुष्यभर सीमाभागात राहून, मराठी शाळेत तीस वर्षं नोकरी करून, 'धोटा' लिहायला मी कन्नड मशीन घेऊन आलोय.

१३ मार्च

शांतपणे विचार केला. कन्नड मला येतं. मराठी पुस्तक कन्नड अक्षरांत लिहिलं तर काय बिघडलं? दोन्ही बाजूचे लोक वाचतील. असा प्रयोग आजवर कुणी केला नसावा.

१४ मार्च

नागोजी आप्पांना सहज विचारल्यासारखं विचारून बघितलं. आप्पा शेतात हरभरा काढत होते. कंबर सरळ करून एवढंच म्हणाले, गुरुजी, असलं कायतरी करशीला तर दोन्हीकडनं मार खाशीला, मधी आमचा मांडव जाईल.

प्रयोग स्थगित. मशीनला आता हिनं मागच्या दाराला टेकू लावलाय. दार वाऱ्यानं आपटत होतं, ते थांबलं. म्हणजे खरेदी अगदीच वाया गेली नाही.

१६ एप्रिल

उन्हाळा. या उकाड्यात कुणीही लिहिलेलं नाही.

३० मे

जून परवावर आला. आक्काला दिलेला शब्द. सकाळपासून जेवण गोड लागत नाही. (दोन आंबे खाल्ले. ते वेगळं.)

हिनं आज सरळ तोंडावर सांगितलं की हिंडलग्यात एवढा मोठा जेल हाय, दोन म्हयनं तिथं जाऊन बसा, आपसूक लिवून हुईल. या घरात साहित्याविषयी बोलायचं म्हणजे असं आहे.

९ जून

बेंगळूरहून सौम्या आली. माझी मुलगी, कॉम्प्युटर कंपनीत आहे. तिनं तिचा जुना लॅपटॉप मला दिला. बाबा, आता कारणं बंद, असं म्हणाली. मी कधी कारणं सांगतो? लॅपटॉप घेतला मात्र. फार हलका आहे. एवढ्या हलक्या वस्तूवर गंभीर लेखन होईल का, ही शंका मी मनातच ठेवली.

१६ जून

मराठी टायपिंग शिकलो. एका तासात 'चंपाक्का' लिहून झालं. मग अक्षराचा आकार ठरवण्यात दुपार गेली. तिरकं नाव बरं दिसतं. नाव मध्यभागी. खाली माझं नाव, जरा मोठ्या अक्षरात. बघून बरं वाटलं. पान एक तयार.

७ जुलै

पान एकच आहे, पण आता त्याला किनार आहे. शहापुरी साडीसारखी.

१९ ऑगस्ट, राखी

आक्काकडे जायचं टाळत होतो, राखीला टाळणार कसं? वडगावला गेलतो. पुढच्या खोलीत भाचा विक्रमचे पावरलूम सुरू, मागच्या खोलीत आक्का. राखी बांधताना मी काय बोललो ते तिला ऐकू आलं नाही. उजव्या कानाजवळ जाऊन पुन्हा बोललो तेव्हा हसली. म्हणाली, लवकर कर रं बाबा, हे पण दार मिटाय लागलंय.

मग म्हणाली, बस की जरा, लई दिवसानं आलास. मी म्हटलं, आक्का, वेळ नाही, पुस्तकाचंच काम आहे. ती लगेच म्हणाली, व्हय व्हय, जा जा, लिव. डब्यात करंज्या दिल्या.

बसमध्ये करंज्या खाल्ल्या. घशाखाली उतरत नव्हत्या. मी चांगला माणूस नाही असं शेवटच्या करंजीपर्यंत वाटत राहिलं. पण एक चांगलं झालं, आता माझ्यात लेखनासाठी लागणारी वेदना तयार झाली. उद्यापासून बघाच.

२० ऑगस्ट

बोटं दुखतात. राखी घट्ट बांधली होती.

८ सप्टेंबर

सौम्या फोनवर म्हणाली, बाबा, टाइप करू नका, नुसतं बोला, फोन लिहून घेतो. हे मला आधी का नाही सांगितलं? मी मूळचा वक्ता!

९ सप्टेंबर

फोन समोर ठेवून बोललो. मोठा ओघ आला होता. वाचून बघितलं तर 'माझ्या प्रिय वाचकहो' इथून सुरू होऊन सगळीकडे 'माझ्या', 'मला', 'मी'. आक्का दुसऱ्या पानावर एकदाच आलीय. आणि मध्येच एक वाक्य, अहो दूध उतू गेलं, कानं हायती का न्हाईत. ते हिचं आहे. खरं सांगायचं तर सगळ्यात जिवंत वाक्य तेच आहे. पण ते ठेवता येणार नाही. पुसलं.

१३ ऑक्टोबर

दसरा झाला. काल हत्यारांची पूजा केली. विळी, कोयता, हिचं शिलाई मशीन. मीही माझी हत्यारं मांडली, वाकडं पेन, बसलेलं पेन, लॅपटॉप, फोन. टाइपरायटर ही दाराकडनं काढू देईना, म्हणून त्याची तिथंच पूजा केली. झेंडूची माळ घातलेली बघून शेजारीण विचारून गेली की हे देव कुठले.

सगळ्यांना हळदकुंकू लावताना मनात आलं की यांतल्या एकानंही माझ्याकडून काम करून घेतलेलं नाही. दोष हत्यारांचा.

२० ऑक्टोबर

आता मात्र शेवटचा उपाय. लिहून देणारं ॲप. सौम्यानं फोनवर घालून दिलंय. आपण सांगायचं, ते लिहितं. थोडी लाज वाटली. पण पूर्वी मोठे लोक सांगायचे आणि लेखनिक लिहायचे, तसंच हे.

मी सांगितलं, माझ्या विणकर बहिणीवर दोनशे पानांचं हृदयस्पर्शी पुस्तक लिही. त्यानं उलट मलाच विचारलं. तुमच्या बहिणीचा जन्म कुठला? माग कोणता होता? पहिली साडी कुणासाठी विणली? ती हसते कशी? कशाला भिते? मागावर बसून काय गुणगुणते?

भलतंच चौकस. पोलीस ठाण्यात बसल्यासारखं वाटलं. मला यातलं एक काय ते येत होतं, माग खड्ड्यातला होता एवढं. तेवढं सांगितलं तर म्हणतं, आणखी थोडं सांगाल का?

बंद केलं. ज्या यंत्राला सगळं आपणच सांगायचं ते यंत्र कसलं?

३ नोव्हेंबर, भाऊबीज

आक्कानं ओवाळलं. ताटात साडी घातली तर बाजूला सारली. म्हणाली, साड्या मी आयुष्यभर विणलोय रं, साडीचं काय कौतुक मला? तू पुस्तक घाल ताटात. विक्रमची बायको हसली. मी पण हसलो. माझं हसणं मलाच कसंतरी वाटलं.

आता आक्काशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. विक्रम म्हणाला, मामा, डाक्टर म्हणत्यात कानात मशीन घालून पण लई फरक पडणार न्हाई. आक्का माझ्या तोंडाकडे बघत होती. गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलंय तिनं. पलीकडच्या गुणाबाईंनी येऊन विचारलं, पुस्तकात आमचं नाव हाय का वो?

हाय, असं मी सांगितलं. का सांगितलं?

१ डिसेंबर

नागोजी आप्पा घरी. कार्यक्रमपत्रिका छापायला चाललीय, 'धोटा'चं प्रकाशन सकाळच्या सत्रात धरलंय. कुठवर आलंय, गुरुजी? मी म्हटलं, प्रेसमध्ये आहे. हे वाक्य माझं मीच ऐकलं. इतक्या सहज आलं की मलाही खरं वाटलं.

हिनं चहाचा कप माझ्यापुढे जरा आपटूनच ठेवला.

३ डिसेंबर

खोटं बोलणं मला जमत नाही. म्हणून प्रेसमध्ये गेलो. आता परवाचं वाक्य खरं झालं. शहापुरातला रवळू, माझा जुना विद्यार्थी, त्याचा प्रेस आहे. कव्हर करायला सांगितलं. कव्हर आधी तयार असलं की आतलं लिहायला हुरूप येतो.

२२ डिसेंबर

कव्हर आलं. देखणं. मागाचा फोटो, वर 'धोटा', खाली माझं नाव. मागच्या बाजूला माझा फोटो. आक्काचा फोटो राहिला. माझ्याकडे नव्हताच एकही. मोबाईलमध्ये शोधलं, संमेलनातला एक आहे, त्यात ती अर्धी कापली गेलीय आणि मी पूर्ण आहे.

५ जानेवारी २०२५

नवी डायरी. पतसंस्थेनं यंदा पेन दिलं नाही. जुन्याचीच रिफिल संपली, दुसरी घातली. ही चौथी रिफिल, असं आमची ही म्हणाली. वर्षभर लिवताय तरी काय एवढं? तिला कसं सांगायचं की हे लिहिणं नव्हे? ही नुसती डायरी.

रवळूनं तोडगा काढला. सर, पुस्तक नंतर छापू, प्रकाशनापुरती डमी करूया. वर कव्हर, आत कोरे कागद. रंगीत कागदात बांधून फीत लावायची, पाहुणे सोडणार, वर धरणार, फोटो. आत बघतंय कोण? अशी डमी वापरतात म्हणे लोक.

मी म्हटलं, छे, छे. मग म्हटलं, किती दिवस लागतील?

१८ जानेवारी

पाच प्रती आल्या. हातात घेतल्या. जाड, गुळगुळीत, नव्या कागदाचा वास. उलगडल्या की पांढऱ्या स्वच्छ. झोपच येणार नाही आज. मी मनाशी ठरवलंय, प्रकाशन झालं की दुसऱ्या दिवसापासून बसायचं, दोन महिन्यांत भरून काढायचं. फक्त उद्याचा एक दिवस आक्कानं आत बघू नये.

आणि तिला वाचता येत नाही. हा विचार मनात आला आणि मला माझीच किळस आली. तरी तो विचार आलाच.

१९ जानेवारी, रविवार

कसंबसं लिहितोय. ग्रंथदिंडी झाली. ढोल, लेझीम. पालखीत इतर पुस्तकांबरोबर 'धोटा'ची एक प्रत. कोरी. लोक पाया पडत होते.

पाहुण्यांनी फीत सोडली, वर धरलं, टाळ्या. तेवढ्यात नागोजी आप्पांना उमाळा आला. म्हणाले, पहिली प्रत चंपाक्कांना! मी पुढे झालो, नंतर देतो म्हणायला, पण आप्पा पैलवानी अंगाचे. आक्काच्या हातात प्रत गेली.

तिनं पदरानं हात पुसले. कव्हरवरनं हात फिरवला. मग उघडलं.

एक पान. दुसरं. मधलं कुठलंतरी. शेवटचं. माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. मग पुस्तक मिटलं आणि पदराखाली घेतलं. शेजारी वडगावच्या बायका, दाखव की गं, दाखव की गं. तर आक्का म्हणाली, हातं तेलकट हायती तुमची, मिसळ खाऊन आलायसा, घरात या, मग बघा. शेवटपर्यंत तिनं पुस्तक कुणाच्या हाताला लागू दिलं नाही.

मी भाषण केलं. काय बोललो माहीत नाही. लोक म्हणाले, चांगलं झालं.

२० जानेवारी

ताप आहे. थर्मामीटरमध्ये दिसत नाही, पण आहे.

२३ जानेवारी

आक्काचा निरोप, येऊन जा. तापाचं कळवलं.

२६ जानेवारी

पुन्हा निरोप. ही म्हणाली, त्या माउलीनं तुमची लाज पदरात झाकली, आणि तुम्ही गोधडीत तोंड लपवून बसलाय. शेवटी म्हणाली, तुम्ही जात न्हाईसा तर मी जातो आणि सगळं सांगतो. मग उठलो.

गोधडीतून उठताना एकच विचार, आक्का रडली तर काय करायचं? शिव्या दिल्या तर बरं होईल. शिव्या द्याव्यात तिनं.

२६ जानेवारी, परत आल्यावर

वडगावला पोचलो तेव्हा लूम जोरात चालू होते. आक्का मागच्या खोलीत. देव्हाऱ्याशेजारी 'धोटा'. कव्हरला कुंकू लावलेलं, माझ्या नावावर नेमकं.

मी पाया पडलो. उजव्या कानात ओरडून म्हटलं, आक्का, चुकलो. ती म्हणाली, ऐकू येत न्हाई. पुन्हा ओरडलो. म्हणाली, र्‍हाऊ दे, तोंडावर दिसतंय.

मग ती बोलत राहिली. जसं आठवतं तसं लिहितो. म्हणाली, कोरं बघून मला बरं वाटलं बघ. वरीसभर मी घाबरून हुतो. तू मला कायबी इचारलं न्हाईस, आणि सारं गाव सांगतंय पुस्तक झालं, पुस्तक झालं. म्हटलं, न इचारता ह्यानं लिवलंय तरी काय माझ्यावर? राखीला म्हटलं बस, तर पळालास. मला वाटलं आज तरी इचारंल, उद्या तरी इचारंल. मी वाट बघत हुतो तुझी, पुस्तकाची न्हवं.

मी म्हटलं, तुला ऐकवायचं होतं, तुझा कान... ती म्हणाली, ऐकू येत न्हाई, पर बोलायला येतंय की मला!

पुस्तक उचललं, कुंकू पदरानं पुसलं, पहिलं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. लिव म्हणाली.

मी खिसे चाचपले. पेन नव्हतं. शाईचं, साधं, कुठलंच. पतसंस्थेचं घरी राहिलेलं. आक्कानं पुढच्या खोलीकडे बोट दाखवलं. लूमच्या शेजारी भिंतीला एक खिळा, खिळ्याला जरीच्या धाग्यानं बांधलेलं बॉलपेन. साड्यांचे नंबर टाकायला, कुणी खिशात घालून नेऊ नये म्हणून. धागा दीड हात. सोडायचा नाही असा विक्रमचा नियम. म्हणून आम्ही दोघं तिथंच गेलो. मी खिळ्याखाली पाट घेऊन बसलो, मान वर, हात वर. लूम खडखडत होते. आक्का माझ्या शेजारी फतकल मारून.

मला सुरुवात माहीत होती. मी लिहायलाच घेतलं, भावाच्या शिक्षणासाठी... तिनं मला लिहिताना बघितलं आणि विचारलं, काय लिवालास? ओरडून सांगितलं. तोंडाला पदर लावून हसायला लागली. म्हणाली, खोड ते. तुझ्यासाठी कोण बसलंय रं मागावर? मला माग आवडायचा. कोण उठवील म्हणून जेवणसुद्धा तिथंच करायचो. तुला शाळेत घातला तो वेगळ्या कारणानं. लिव, पयलं तेच लिव. माझा भाऊ धोट्यातल्या सुताच्या कांड्या वाकड्या भरायचा. सूत गुंतवून ठेवायचा. आपले वडील म्हणाले, ह्याच्यानं मागाचं काम हुणार न्हाई, दिवसाला चार कांड्या वाया घालवतोय, शाळेत तरी बसू दे.

एक वर्ष. एक वर्ष मी तिच्या त्यागाचं ओझं डोक्यावर घेऊन हिंडलो. करंज्या गिळवत नव्हत्या.

आधीचं खोडलं आणि तिनं सांगितलं तसं लिहिलं. तिच्या शब्दांत, दीड हाताच्या धाग्यावर. पान एक, अर्धं भरलं. तेवढ्यात म्हणाली, वाचून दाखव. उजव्या कानात म्हटलं तर डोकं हलवलं. लूमच्या वर आवाज जाईल असं वाच म्हणाली, मोठ्यानं. मी उभा राहिलो. शाळेत प्रार्थनेच्या वेळी ओरडायचो तसा सगळा दम लावून ओरडलो, माझा भाऊ कांड्या वाकड्या भरायचा, मागाच्या कामाला कुचकामी होता, म्हणून त्याला शाळेत घातला!

आणि 'कांड्या' म्हणता म्हणता करंट गेला. सगळे लूम एकदम गप्प. गल्लीतले सगळेच. उरलेलं वाक्य एकट्यानं गेलं वडगावभर. दारात गुणाबाई, तिच्या मागं आणखी चार बायका. विक्रम लूममागनं उठून बघायला लागला.

आक्का म्हणाली, आता नीट ऐकू आलं. बस खाली. फुडचं सांगतो, लिव.